हाताचं इसब, विचर्चिका आणि ‘कुष्ठ’ हा शब्द

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना वाटेल की हा तर वैद्यांचा किंवा डॉक्टरांचा विषय. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं त्यात का पडावं? शंका रास्त आहे. आम्ही इथे औषध सांगायला उभे नाही. आम्हाला बोलायचं आहे ते एका नावाबद्दल आणि एका कारणाबद्दल. एखाद्या रोगाला समाज कोणतं नाव देतो आणि त्याचं कारण कुठे शोधतो, यावरून रोग्याचं पुढे काय होणार हे पुष्कळदा ठरून जातं. हाताचं इसब हे त्याचं फार बोलकं उदाहरण आहे.

आधी आपल्या भंडारा जिल्ह्यातली हातांची कामं डोळ्यांसमोर आणू. आषाढ-श्रावणात धानाची रोवणी सुरू झाली की बाया सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांध्यांमध्ये वाकलेल्या असतात. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखलात रोवायचे. हात दिवसभर पाण्यात. घरी आल्यावर पुन्हा भांडी, धुणं, साबण, राख. भंडाऱ्याला पितळेच्या भांड्यांचं गाव म्हणून ओळखतात. त्या धंद्यात तेजाब, पॉलिश, घासकाम. मोहाडी-आंधळगावकडे कोसा. विड्या वळणारे हात, गिरणीतले हात, गवंड्याच्या हाताखाली सिमेंट कालवणारे हात. या हातांना खाज सुटते, बारीक फोड येतात, पाझरतात, मग कातडी जाड होते, भेगा पडतात. मराठीत याला आपण इसब म्हणतो. ओलं इसब आणि कोरडं इसब असा भेदही आपल्या आयाबायांना ठाऊक असतो.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत याच्या अगदी जवळ जाणारी दोन नावं आहेत, विचर्चिका आणि विपादिका. चरकसंहितेत विचर्चिका म्हणजे खाज असलेल्या, काळपट, पुष्कळ पाझरणाऱ्या पुटकुळ्या. सुश्रुतसंहितेत मात्र त्याच नावाखाली कोरडेपणा, रेघा, फार खाज आणि वेदना असं वर्णन येतं. तेच पायाला झालं आणि त्यात आग होऊ लागली की सुश्रुत त्याला विपादिका म्हणतो. चरकाची वैपादिक म्हणजे हातापायांना भेगा आणि तीव्र वेदना. पुढे माधवनिदान या रोगनिदानाच्या लोकप्रिय ग्रंथानं चरकाचं पाझरणारं वर्णन घेतलं आणि शिकणाऱ्यांच्या तोंडी तेच बसलं.

दोन आचार्यांत मतभेद आहे, यातला खरा कोण, असा प्रश्न पूर्वी विद्यार्थी विचारत. आमच्या मते दोघांनीही खरंच पाहिलं होतं. आजचा त्वचारोगतज्ज्ञ सांगेल की हाताचं इसब सुरुवातीला फोडांचं आणि पाझरणारं असतं, आणि तेच महिनोन्‌महिने राहिलं की कोरडं, जाड, रेघारेघांचं, भेगाळलेलं होतं. एकच रोग दोन अवस्थांत. युरोपात ‘एक्झिमा’ हा ग्रीक शब्द मुळात उकळून वर येणं या अर्थाचा. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला त्याला ठरावीक वैद्यकीय अर्थ दिला. तिथेही पहिली नजर फोडांवरच गेली होती. म्हणजे निरीक्षणात आपले ग्रंथ कमी पडले, असं कोणी म्हणू नये. अडचण पुढे आहे.

ती अडचण अशी की विचर्चिका आणि विपादिका ही दोन्ही नावं एका मोठ्या छत्राखाली येतात, आणि त्या छत्राचं नाव आहे ‘कुष्ठ’. कुष्ठाचे १८ प्रकार सांगितले आहेत, ७ महाकुष्ठं आणि ११ क्षुद्रकुष्ठं. क्षुद्र म्हणजे लहान. विचर्चिका या ११ पैकी एक. दद्रू म्हणजे साधारणपणे आपलं गजकर्ण, पामा म्हणजे खरजेसारखा रोग, हेही त्याच छत्राखाली. तेव्हा ग्रंथातला कुष्ठ हा शब्द ‘कातडी बिघडवणारा रोग’ इतका रुंद आहे.

आता मराठीचा इतिहास पाहा. हॅन्सननं १८७३ साली ज्याचा जंतू शोधला, त्या रोगाला आपल्याकडे ‘महारोग’ म्हणत. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, ते महारोग्यांच्या सेवेचंच. बाबा आमट्यांच्या आनंदवनाची संस्था, महारोगी सेवा समिती. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, सेवाग्रामला परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा करणारे गांधीजी. या कामात आपल्या विदर्भानं देशाला वाट दाखवली आहे. पुढे ‘महारोग’ हा शब्द माणसाला घायाळ करणारा वाटू लागला आणि त्याच्या जागी ‘कुष्ठरोग’ रूढ झाला. हेतू चांगला होता. पण झालं असं की जुन्या ग्रंथातला रुंद शब्द आता एकाच रोगाला चिकटला. वैद्य शास्त्राच्या भाषेत ‘हे क्षुद्रकुष्ठ आहे’ म्हणतो आणि घरचे ऐकतात ‘कुष्ठ’. त्या एका शब्दानं पोरीचं लग्न अडतं, सुनेचं ताट वेगळं होतं, पाण्याच्या माठाला हात लावू देत नाहीत.

याला ग्रंथाचाही आधार काढता येतो, हे मान्य केलं पाहिजे. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी एकमेकांकडून लागणाऱ्या रोगांची गणना आहे. अंगाला अंग लागणं, श्वास, एकत्र जेवण, एकत्र झोपणं, दुसऱ्याचे कपडे, माळा, लेप वापरणं अशी कारणं तिथे दिली आहेत आणि त्या रोगांत कुष्ठ आहे, ज्वर आहे, शोष आहे, डोळे येणं आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात हे निरीक्षण थक्क करणारं आहे. पण छत्र रुंद असल्यामुळे जे खरजेला लागू, ते इसबालाही लागू होऊन बसलं. इसब कोणालाही लागत नाही. भाकरी थापणाऱ्या बाईच्या हाताला इसब असलं तर ती भाकरी खाणाऱ्याला काही होत नाही. होतं ते तिलाच, कारण भेगांत पीठ आणि मीठ जातं.

आणि कुष्ठरोगाबद्दलही इथेच एक गोष्ट सांगून ठेवू, कारण पूर्व विदर्भात तो रोग अजून आढळतो. इसब खाजतं. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा खाजत नाही. तिथे स्पर्श कळेनासा होतो. अंग बधिर होणं ही खूण जुन्या ग्रंथांतही नोंदलेली आहे. असा बधिर चट्टा दिसला तर घरगुती लेप लावत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची औषधं मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. कुष्ठरुग्णांना डांबून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा आपल्या देशानं २०१६ मध्ये रद्द केला आणि घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोगाचं नाव २०१९ मध्ये कायद्यातून काढलं. कायद्यातून भीती काढायला इतका काळ लागला; घरातून काढायला किती लागेल ते आपण ठरवायचं आहे.

नावाचं झालं, आता कारणाकडे वळू. हा भाग तत्त्वज्ञानाच्या माणसाला अधिक जवळचा आहे.

चरकसंहितेत कुष्ठाची कारणं पाहिली तर पहिला मान आहाराला आहे. दूध आणि मासे एकत्र, नवं धान्य, दही, आंबट-खारट अति, उडीद, मुळा, तीळ. मग आलेले वेग अडवणं, भरल्या पोटी कष्ट, उन्हातून किंवा श्रमातून एकदम गार पाण्यात शिरणं, दिवसा झोपणं. आणि शेवटी ब्राह्मणांचा व गुरूंचा अपमान, पापकर्म. यांनी वात, पित्त, कफ बिघडतात, ते त्वचा, रक्त, मांस आणि लसीका यांना बिघडवतात, आणि रोग कातडीवर दिसतो. कारण आत आहे, कातडी फक्त फळा आहे, अशी ही मांडणी.

आता हीच यादी घेऊन आपल्याकडच्या एखाद्या मामा तलावाच्या काठावरच्या घरात जा. या माजी मालगुजारी तलावांनी आपल्या जिल्ह्याला दोन गोष्टी दिल्या, धान आणि मासे. नवं धान आणि मासे खाऊ नका असं सांगणं म्हणजे जेवू नका म्हणण्यासारखं आहे. आणि यादीच्या शेवटच्या कारणानं तर रोग्याच्या हातावरच्या खाजेला त्याच्या चारित्र्याचा दाखला करून टाकलं.

पण मित्रहो, त्याच चरकसंहितेत दुसऱ्या एका जागी वेगळाच विचार आहे, आणि त्याकडे आम्हाला तुमचं लक्ष वेधायचं आहे. सूत्रस्थानात सुजेवर एक अध्याय आहे. तिथे सुजेचे दोन वर्ग केले आहेत, निज आणि आगंतु. निज म्हणजे शरीराच्या आतून उद्भवलेली. आगंतु म्हणजे बाहेरून आलेली. आगंतु सुजेच्या कारणांत मार लागणं वगैरे येतं, आणि त्याबरोबर येतो बिब्ब्याच्या फुलाफळांचा नि रसाचा स्पर्श, खाजकुइलीची कुसं, केसाळ किड्यांची लव, आणि अंगाला न मानवणाऱ्या पानांचा, वेलींचा, झुडपांचा स्पर्श. याला आज आपण काय म्हणू? ‘संपर्कामुळे होणारा त्वचादाह’ हीच ती कल्पना. म्हणजे बाहेरची वस्तू नुसत्या स्पर्शानं कातडी बिघडवते, आहाराचा किंवा पापाचा तिथे संबंध नाही, हे आपल्या पूर्वसूरींना माहीत होतं!

बिब्बा आपल्या जंगलात आहेच. तो फोडणाऱ्याच्या हाताला काय होतं ते इथे कोणाला सांगायला नको. गंमत अशी की हाच बिब्बा आयुर्वेदात कुष्ठावरचं औषधही आहे, आणि तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे, जपून वापरा, असं चरकसंहिता बजावते. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर विचित्र फोड उठू लागले, तेव्हा शोध घेता कळलं की धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत होते. १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. चरकाच्या वाचकाला त्यात नवल वाटलं नसतं.

मग अडलं कुठे? अडलं ते असं की आगंतु हा विचार सुजेच्या अध्यायात राहिला आणि विचर्चिका कुष्ठाच्या अध्यायात राहिली. दोन्ही एकाच ग्रंथात, पण हाताच्या इसबापुरती त्यांची गाठ पडली नाही. बिब्ब्यासारखा एका स्पर्शात फोड आणणारा पदार्थ चटकन ओळखू येतो. पाणी, माती, राख, साबण हे रोज थोडं थोडं झिजवतात, वर्षभरानं फोड येतो. तेव्हा त्याचं कारण स्पर्शात शोधायचं कोणाला सुचत नाही. तो निज ठरतो आणि चौकशी ताटाकडे वळते.

युरोपातही ही गाठ सहज पडलेली नाही. तिथेही रोग शरीरातल्या चार रसांच्या बिघाडानं होतात असंच शिकवत. १७०० साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात धुणं धुणाऱ्या बायांच्या क्षारपाण्यानं भेगाळलेल्या हातांची नोंद आहे. रामाझ्झिनींनी वैद्यांना एक साधी सूचना केली. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत आणखी एक घाला, तू काम काय करतोस? १८९५ मध्ये योसेफ यादासोन यांनी संशयित पदार्थ कातडीला चिकटवून पाहण्याची चाचणी मांडली आणि नेमका कोणता पदार्थ सोसत नाही ते शोधता येऊ लागलं.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. गाजर गवत १९५०च्या दशकाच्या मध्याला पुण्यात प्रथम नोंदलं गेलं, आणि आज ते गावोगावच्या धुऱ्यांवर आहे. त्यानं शेतकऱ्यांच्या हातांना, मानेला, चेहऱ्याला भयंकर इसब होऊ लागलं. १९७०च्या दशकात पुण्याहून त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्याही संहितेत गाजर गवत असणं शक्य नव्हतं, कारण ते या भूमीवर नव्हतंच. पण अंगाला न मानवणाऱ्या झुडपांचा स्पर्श, हा वर्ग मात्र तयार होता. नवी वस्तू जुन्या वर्गात घालायची होती, इतकंच.

आता उपचार. इथे आयुर्वेदाच्या पदरात पुष्कळ आहे. चरकसंहितेतला बहाव्याच्या नावाचा एक अध्याय लेपांनीच भरलेला आहे. कुष्ठावरच्या द्रव्यांत खैराला श्रेष्ठ म्हटलं आहे. कडुनिंब, करंज, दारुहळद, मंजिष्ठा ही तर घरोघरची नावं. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या पुस्तकानं ती मराठी घरांत छापील रूपात पोचवली. तुरट काढ्यानं धुतलं की पाझर आटतो, हे खरं आहे. आधुनिक वैद्यकानंही तुरट द्रावणांच्या ओल्या पट्ट्या त्यासाठीच वापरल्या. आणि भेगांसाठी चरकानं सांगितलेला योग पाहा. जीवंती, मंजिष्ठा, दारुहळद वगैरे घालून तेल-तूप सिद्ध करायचं, त्यात राळ आणि शेवटी मेण मिसळायचं. मेण आणि स्निग्ध पदार्थ भेगेवर बसले की आतलं पाणी उडून जात नाही, बाहेरचं आत शिरत नाही. शंभर वेळा पाण्यानं धुतलेलं तूप, शतधौत घृत, हे तर सरळसरळ क्रीमच आहे. आजच्या त्वचारोग विभागातसुद्धा हाताच्या इसबाचा पहिला सल्ला हाच असतो की स्निग्ध मलम लावा, दिवसातून अनेकदा लावा.

पण सगळं जुनं ते हातावर चोळावं असा याचा अर्थ नाही. लसणाचा रस, बिब्बा, तेजाब यांनी आग झाली की ‘रोग कापला जातोय’ असं लोक समजतात. प्रत्यक्षात कातडी जळत असते. चरकाच्या त्या मेणाच्या योगात मोरचूदही आहे, तेव्हा तो घरी बनवायचा पदार्थ नाही. उलट बाजूला, बाजारात ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून मिळणारं एखादं मलम दोन दिवसांत जादू करतं, तेव्हाही सावध असावं. लेबलावर न लिहिता स्टेरॉइड मिसळल्याच्या घटना उघड झालेल्या आहेत. कंपनीचं नाव, परवान्याचा क्रमांक, घटकांची यादी नसेल तर ती डबी घेऊ नये.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते मुख्य. आयुर्वेदाचं एक फार सुंदर तत्त्व आहे, निदानपरिवर्जन. सुश्रुतसंहिता म्हणते की थोडक्यात सांगायचं तर उपचार म्हणजे कारण टाळणं. कारण ताटात असेल तर रोगी ते टाळू शकतो. पण कारण पोटासाठी करायच्या कामातच असेल तर? रोवणीच्या दिवसांत बाईला ‘पाण्यात हात घालू नकोस’ हे सांगणं सोपं आहे. त्या मजुरीवर तिचं वर्ष चालतं. गवंड्याला सिमेंट सोड म्हणायचं, पितळेवाल्याला तेजाब सोड म्हणायचं, मग खायचं काय? वैद्याचा सल्ला बरोबर असूनही तो पाळण्याची ताकद रोग्याच्या हातात नसते. ग्रंथांच्या डोळ्यांसमोरचा रोगी असा होता की ज्याला आपली दिनचर्या बदलता येते. आपल्या डोळ्यांसमोरची रोगी दुसऱ्याच्या बांधीत राबते.

यावर वाट आहे का? आहे. सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक प्रकार असतो, त्यानं गवंड्यांच्या हातांना हट्टी इसब होतं. डेन्मार्कनं गवंड्यांना काम सोडायला सांगितलं नाही. तिथे सिमेंट तयार होतानाच त्यात थोडं फेरस सल्फेट घालू लागले, त्यानं तो क्रोमियम निरुपद्रवी रूपात जातो. १९८३ मध्ये त्याचा नियम झाला. पुढे २००५ पासून युरोपीय संघानंही मर्यादा घातली. फेरस सल्फेट म्हणजे कोण? आपलं हिराकस, ग्रंथातलं कासीस. बहाव्याच्या त्या अध्यायातल्या एका लेपात हेच द्रव्य आहे. एकानं ते रोग झालेल्या कातडीवर लावलं, दुसऱ्यानं ते रोग होण्याआधी गोणीत घातलं. निदानपरिवर्जनच ते, फक्त ते रोग्यावर न टाकता कारखान्यावर टाकलं.

तेव्हा श्रोतेहो, आमचं म्हणणं थोडक्यात असं. इसबाला इसब म्हणा. घरात बोलताना कुष्ठ हा शब्द त्याला लावू नका. जे वैद्य असतील त्यांनी रोग्याला ताटाआधी कामाबद्दल विचारावं. चरकातला आगंतु त्यांना तो अधिकार देतोच. तुपामेणाची, तेलाची जुनी समजूत जपा. आणि ज्यांच्या बांधीत बाया राबतात त्यांनी एवढं तरी करावं की दुपारच्या सुटीत हात धुवायला स्वच्छ पाणी, पुसायला कोरडं कापड आणि धुऱ्यावर तेलाची एक बाटली असावी. याला फार पैसा लागत नाही. प्रश्न विचारायला तर काहीच लागत नाही. पुढच्या वेळी कोणाचा भेगाळलेला हात दिसला, तर काय खाल्लंस हे नंतर विचारा. आधी विचारा, या हातानं दिवसभर काय काय करतेस?